मागच्या अंगणातली खोली

गेल्या वर्षी वसतिगृहाची यादी लागली, तीत माझे नाव नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुण्यात ओळखीचे कोणी नाही. वाघोलीला एका खोलीत सहाजण राहू लागलो. सकाळी सातच्या तासाला यायचे, तर पाचला उठून बस गाठावी लागे. (हजेरीपटावरील माझ्या गैरहजेऱ्यांचे कारण हेच, हे इतिहासाच्या सरांनी कृपया ध्यानात घ्यावे.) दिवाळीनंतर डेक्कनच्या बाजूला एका जुन्या बंगल्याचे आउटहाऊस मिळाले. दहा बाय दहाची खोली, बाहेर नळ, वर आंब्याची सावली. कॉलेज चालत बारा मिनिटे!

बंगल्यात आजी एकट्याच असतात. गॅरेजवर आणखी दोन खोल्या बांधून विद्यार्थ्यांना द्याव्यात, असे त्यांच्या मनात आले. सोबत होईल, औषधपाण्याचा खर्च निघेल. त्यांनी सोसायटीकडे अर्ज केला. सभेत तो नामंजूर झाला. कारण काय, तर वस्तीचे स्वरूप बिघडेल! दोन दिवस मला अंगणातून सायकल नेतानाही संकोच वाटला.

मित्रहो, त्याच रस्त्यावर यंदा दोन बंगले पाडून अकरा मजली इमारती उठत आहेत. त्यांनी स्वरूप बिघडत नाही काय? तिथली सदनिका कोणा नर्सला, नव्या शिक्षकाला परवडणार आहे?

पाण्याचा दाब कमी आहे, ड्रेनेज जुने आहे, हे सभासदांचे म्हणणे खरे आहे. पण तो भार दोन खोल्यांचा अधिक की अकरा मजल्यांचा?

खरी भीती निराळी आहे. 'भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही,' असे एक काका मला तोंडावरच म्हणाले. त्यांचेही चुकले नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, वाड्यांची डागडुजी थांबली, हे पुण्याने पाहिले आहे. परंतु ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याला जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करार मात्र लेखी आणि नोंदवलेला हवा. इतकी वर्षे झाली, तरी भीती १९४७ चीच!

माझे मत असे, की बंगला न पाडता, झाड न तोडता कोणी मागे किंवा गॅरेजवर दोन खोल्या बांधत असेल, तर सोसायटीने ना-हरकत द्यावी आणि महापालिकेने असा लहान नकाशा रखडवू नये.

आजींचा मुलगा परदेशातून फोनवर सांगतो, बिल्डरला देऊन टाक. आजी 'बघू' म्हणतात. त्यांनी दुसरा अर्ज केला आहे. मजकूर त्यांचा, अक्षर माझे. २४ वे कलम मी त्यात घालायला लावले. सभा एप्रिलात आहे, आणि आमची परीक्षाही तेव्हाच.