मुलींचा आळस कीं रक्ताची उणीव?

तिसऱ्या तासाला बाकावर डोकें टेकणारी, जिना चढतांना धापा टाकणारी, वाचलेलें लक्षांत न राहिल्यामुळें रडकुंडीस येणारी मुलगी प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे. तिला आळशी म्हणून मोकळें होणें फार सोपें असतें, आणि घरींही तिला बहुधा तेंच विशेषण मिळतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा शब्द उच्चारण्यापूर्वीं तिचें रक्त एकदां तपासून घ्यावें.

रक्तास तांबडा रंग येतो तो हिमोग्लोबिन नांवाच्या द्रव्यामुळें. फुप्फुसांतील प्राणवायु सर्व शरीरास पोंचविणें हें त्याचें काम, व त्याच्या घडणीस लोह लागतें. लोह कमी पडलें म्हणजे प्राणवायूचा पुरवठा घटतो आणि ती तूट भरून काढण्यासाठीं हृदयास अधिक वेगानें धांवावें लागतें. धाप, धडधड, फिकट नखें, न टिकणारें लक्ष, हीं सारीं त्याचींच चिन्हें. यालाच रक्तक्षय अथवा पांडुरोग म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींत हा दोष आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत तो शेंकडा २५ होता, आणि १५ ते १९ वर्षांच्या मुलींत शेंकडा ५९. इतक्या साऱ्या मुली आळशीच निपजल्या असें कोणी म्हणेल काय?

स्त्रीपुरुषांतील या अंतराचें एक कारण मासिक स्राव हें आहे. शाळेच्या वार्षिकांत याचा उच्चार करावा कीं नाहीं, असा प्रश्न कांहीं पालकांस पडेल. आम्हांस तो पडत नाहीं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या स्त्रीची हकीकत आहे. पवित्र शास्त्रास जें सांगण्यास संकोच वाटला नाहीं, तें बोलण्यास आम्हीं कां कचरावें? त्याच अध्यायांत याईराची बारा वर्षांची मुलगी उठून चालूं लागतांच तिला खावयास द्यावें असें प्रभूनें सांगितलें, हेंही आईबापांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे.

दर महिन्यास जाणाऱ्या रक्ताबरोबर लोहही जातें, आणि वाढीच्या वयांत तर तें अधिकच हवें असतें. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०२० सालीं पुरुषास रोज १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह आहारांतून मिळावें असें ठरविलें. आतां आपल्या घरची पंगत डोळ्यांपुढें आणा. आधीं पुरुष जेवतात, मग मुलें. आणि जिची गरज दीडपट, तिच्या पानांत पातेल्याच्या तळाशीं राहिलेला रस्सा पडतो. कलेजीचा तुकडा कोणाच्या पानांत जातो, हें सांगावयास नकोच. आमच्या ख्रिस्ती घरांतही याहून निराळें क्वचितच दिसतें; जेवणापूर्वींची प्रार्थना मात्र सर्वांची एकत्र होते.

आहाराचा हा संबंध शोधण्यांत मुंबईचाही वांटा आहे. डॉक्टर ल्युसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं तेथें आल्या. कापडगिरण्यांतील गरोदर कामकरणी एका प्रकारच्या तीव्र रक्तक्षयानें खंगत होत्या. विल्सबाईंनीं त्यांच्या आहाराचा कसून तपास केला, आणि यीस्टपासून केलेल्या मार्माइट नांवाच्या साध्या सत्त्वानें त्या बऱ्या होतात असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या गुणाचें मूळ असलेलें द्रव्य पुढें ओळखण्यांत आलें. १९४१ सालीं पालकाच्या पानांतून तें वेगळें काढलें गेलें व त्यास फॉलिक अ‍ॅसिड हें नांव मिळालें. सरकारी योजनेंतून मुलींना आठवड्यास जी निळी गोळी मिळते, तींत लोहाबरोबर हेंही असतें. गोळीनें शौचास काळें होतें म्हणून ती खिडकीबाहेर टाकणाऱ्या मुलींनो, तो काळेपणा न शोषलेल्या लोहाचा आहे. त्यानें कांहीं अपाय होत नाहीं. मळमळत असल्यास जेवणानंतर घ्या. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह शोषूं देत नाहीं. लिंबू किंवा आंवळा शोषणास मदत करतो.

पोटांतील जंत, सिकलसेल व थॅलेसेमिया हीं रक्तक्षयाचीं आणखी कारणें. शिवाय कोणाकोणास स्रावच अतिशय होतो. अशा वेळीं आपल्याच मनानें गोळ्या वाढवीत न बसतां डॉक्टरांकडे जावें.

आमची सूचना अशी कीं, शाळेच्या वार्षिक वैद्यकीय तपासणींत प्रत्येक मुलीचें हिमोग्लोबिन मोजावें, आणि गुणांइतक्याच काळजीनें तो आंकडा पालकांस कळवावा. मुलीच्या दुखण्याची वार्ता बाहेर गेल्यास तिचें लग्न अडेल, ही धास्ती आम्हांस ठाऊक आहे. म्हणून ती चिठ्ठी बंद पाकिटांतून फक्त आईबापांच्या हातीं द्यावी.