'गर्दुल्ला' या शब्दाचे काय करायचे?

'गर्दुल्ल्यांचा उपद्रव' असा मथळा आपण वाचतो आणि पान उलटतो. या एका शब्दात आरोप आहे, निवाडा आहे. माणूस तेवढा नाही. म्हणूनच एचआयव्हीच्या प्रतिबंधाचा विचार करताना आपल्या भाषेचीही झडती घ्यावी लागते.

नशेचे इंजेक्शन घेणारे एकच सुई आपापसांत वापरतात तेव्हा विषाणू थेट रक्तातून रक्तात जातो. वापरलेली सुई परत घेऊन निर्जंतुक सुई देणे हा त्यावरचा साधा उपाय. परंतु ती घ्यायला येणे म्हणजे आपण 'गर्दुल्ला' असल्याची चारचौघांत कबुली देणे. त्यात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने सेवन हाही गुन्हा ठरवलेला. मग येणार कोण? अमेरिकेत सुई-वाटपाला केंद्रीय निधी देण्यावर १९८८ साली बंदी आली, ती २००९पर्यंत टिकली. तेथील कृष्णवर्णीय व्यसनींच्या वाट्याला तर वर्णद्वेषी पोलिसी नजरही आली.

आपल्याकडे १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. अनिल अवचटांच्या 'गर्द'ने व्यसनी माणसाचे दुःख मराठी वाचकाच्या घरात आणले. आपल्या नगरमध्ये १९८९पासून 'स्नेहालय' देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया व त्यांच्या मुलांसाठी काम करीत आले आहे. त्या स्त्रियांना कोणत्या नावाने संबोधावे, याचा विचार मराठीने निदान सुरू तरी केला. सुई टोचून घेणाऱ्याच्या बाबतीत तोही झालेला नाही.

शब्द मवाळ केल्याने व्यसनाला प्रतिष्ठा मिळेल, असा आक्षेप येईल. तो गैरलागू आहे. व्यसन वाईटच, पण तिरस्काराने ते सुटत नाही, फक्त लपते. आणि लपलेल्या माणसापर्यंत ना सुई पोहोचते, ना तपासणी, ना औषध.

गंमत अशी, की या बाबतीत कायदा साहित्याच्या पुढे गेला आहे. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा सुई-बदलाला गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तेथे उदाहरण म्हणून दिलेल्या प्रसंगात एक जण स्वच्छ सुई देतो, दुसरा वापरलेली सुई देऊन ती घेतो; दोघेही दोषी नाहीत. त्या दुसऱ्याला कायद्याने कोणतेही हिणकस विशेषण लावलेले नाही. शब्दांच्या छटा शिकवणाऱ्या आपण अध्यापकांनी निदान एवढे तरी वर्गात दाखवून द्यायला काय हरकत आहे?