पिसवा गेल्या, पंत राहिले!

सुरुवातीला मी डासांना शिव्या घातल्या. जुलैचा पहिला आठवडा, पुण्यातला चिकचिक पाऊस आणि सदाशिव पेठेतलं जुनं घर. घोट्यापाशी ओळीने तीन-तीन लाल टिपके उठले, तर माणूस डासांवरच संशय घेणार ना? कॉइल लावली, ती चटचट आवाज करणारी रॅकेट आणली. टिपके वाढतच गेले. मग एका रात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन डेडलाइनशी मारामारी करत बसले होते, तर पांढऱ्या चादरीवर तिळाएवढं काहीतरी दिसलं. बोट न्यायच्या आत ते टुण्णकन उडालं.

डास टुण्णकन उडत नाहीत.

‘‘पिसू!’’ माझी रूममेट किंचाळली, आणि आम्ही दोघींनी एकदमच पंतांकडे बघितलं.

पंत म्हणजे आमचा बोका. पिवळा, गुबगुबीत. सकाळी गॅलरीच्या कठड्यावर बसून खालच्या रहदारीकडे असा बघतो, की अख्ख्या पेशवाईचा कारभार याच्याच पंजाखाली चालला असावा. म्हणून पंत. त्या क्षणी पंत मान खाजवण्यात गर्क होते. खरं तर गेले पंधरा दिवस ते हेच करत होते. आम्ही आपलं समजत होतो, केस गळायचा सीझन असेल.

आता एक सांगते. घरात झुरळं झाली तर आपण ऑफिसात बिनधास्त बोलतो. उंदीर झाला तर त्याचे किस्सेही होतात. पण ‘घरात पिसवा झाल्यात’ हे वाक्य चारचौघांत उच्चारून बघा! समोरचा दोन पावलं मागे सरकतो आणि तुमच्या बॅगेकडे बघायला लागतो. माझी रूममेट तर एका प्रेझेंटेशनमध्ये एका पायाने दुसरा पाय खाजवत, चेहऱ्यावर मात्र क्लायंटसाठीचं स्माइल ठेवून पंचवीस मिनिटं उभी होती. घरी आली ती रडायच्या बेतात.

मग सुरू झाले आमचे पराक्रम. पहिला पराक्रम म्हणजे पंतांची आंघोळ. त्याचं वर्णन नको, माझ्या हातावरचे ओरखडे अजून आहेत. शॅम्पूने दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी खाजवणं चालू. दुसरा पराक्रम पेस्ट कंट्रोल. दीड तासात घर फवारून झालं, ‘आता बघायलाच नको मॅडम’ असं आश्वासन मिळालं, आणि दहाव्या दिवशी पुन्हा घोट्यावर तीन टिपके.

सल्ले तर फुकटच होते. आईने फोनवर कडुलिंबाचा धूर सांगितला, खालच्या घरमालकीणकाकूंनी कापूर आणि डांबराच्या गोळ्या सांगितल्या, रूममेटच्या मैत्रिणीने टी ट्री ऑइल. आम्ही यातलं काही करायच्या आतच काकूंच्या स्वतःच्या पायावर एक पिसू चढली. झालं! त्या जिना चढून वर आल्या, पदर खोचलेला.

‘‘अगं, माझ्या सासूबाई सांगायच्या, प्लेगात अख्खी पेठ ओस पडली होती. आणि तुम्ही पिसवा पाळताय? हे बघ, गणपतीच्या आत ते मांजर गेलं पाहिजे. नाहीतर तुम्ही दुसरी जागा बघा.’’

गणपती साडेसात आठवड्यांवर होते. आणि या भागात, या भाड्यात, मांजरासकट दुसरी जागा? विसरा!

टेन्शनमध्ये माणूस काय करतो, ते मी त्या संध्याकाळी केलं. एका दुकानात गेले. ‘मांजराचं औषध नाही, पण हे कुत्र्याचं आहे, अर्धंच लावा,’ असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. मी ते घेतलं. घरी येऊन पंतांना मांडीवर घेतलं, ट्यूबचं टोक कात्रीने कापलं, मानेवरचे केस बाजूला केले. तेवढ्यात रूममेट म्हणाली, ‘‘ए थांब, या बॉक्सवर मांजराच्या चित्रावर फुली का मारलीय?’’

थांबले. बारीक अक्षरात लिहिलं होतं: पर्मेथ्रिन. मी तशीच, कापलेली ट्यूब बेसिनवर उभी ठेवून, व्हेट मॅडमना फोन लावला. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘‘लावलं नाहीत ना? आधी साबणाने हात धुवा. आणि उद्या त्याला घेऊन या.’’

दुसऱ्या दिवशी, जुलैच्या शेवटच्या शनिवारी, मॅडमनी समजावलं. कुत्र्यांच्या पिसवांवर चालणारं पर्मेथ्रिन मांजरांना विष आहे. मांजराचं शरीर ते कुत्र्यासारखं मोडून बाहेर टाकू शकत नाही. कापरं भरतं, झटके येतात, जीवही जातो. ‘अर्धंच लावा’ या हिशोबाला काही अर्थ नाही. कापूर, डांबराच्या गोळ्या, टी ट्री ऑइल यांचंही तेच. मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं. त्याच्या अंगावर किंवा आजूबाजूला टाकलेलं सगळं शेवटी त्याच्या पोटात जातं.

मी गप्प. कापलेली ट्यूब डोळ्यांसमोरून जाईना.

मग मॅडमनी ती गोष्ट सांगितली जी आम्हाला महिनाभर आधी कळायला हवी होती. आपल्याला दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांच्या साधारण पाच टक्के. उरलेल्या पंचाण्णव टक्के आपल्याला दिसतच नाहीत. पिसूची मादी मांजराचं रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते, भरात असताना दिवसाला ४०-५० सुद्धा. ती अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जिथे लोळेल तिथे गळतात. त्यातून अळ्या निघतात. त्यांना उजेड नको असतो, म्हणून त्या गादीखाली, सतरंजीखाली, फरशीच्या फटीत शिरतात आणि मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्तच, खाऊन वाढतात. मग त्या कोष विणतात. कोष चिकट असतो, त्याला धूळ चिकटते आणि तो दिसेनासा होतो. या कोषात औषध नीट पोचतच नाही. आतली पिसू आठवडे, प्रसंगी महिनेही वाट बघत बसते. ऊब, पावलांची थरथर, श्वासातला कार्बन डायऑक्साइड... जेवायला कुणीतरी आलं अशी खात्री पटली की बाहेर!

आणि पावसाळ्याची दमट हवा म्हणजे त्यांची दिवाळी. अशा हवेत अंड्यापासून पिसूपर्यंतचा प्रवास तीनेक आठवड्यांत उरकतो. आमच्या घरात तर शहाबादी फरशी, तिच्यात जागोजागी बोटभर फटी. म्हणजे त्यांची वन रूम किचनची अख्खी स्कीमच होती!

मॅडमचा फंडा चारकलमी होता. एक, पंतांच्या मानेवर, जिथे जीभ पोचत नाही तिथे, मांजरांसाठीचंच औषध. त्यांनी फिप्रोनिल आणि मिथोप्रीन असलेलं लावलं: पहिलं मोठ्या पिसवा मारतं, दुसरं अंडी आणि अळ्या वाढू देत नाही. दर चार आठवड्यांनी, वजन करून, आणि घरात दोन मांजरं असतील तर दोघांनाही. दोन, रोज व्हॅक्यूम क्लीनर, मुख्यतः फटी, सोफ्याच्या खाचा, पलंगाखाली. आणि झाल्याबरोबर आतली पिशवी बांधून घराबाहेर. तीन, पंत ज्यावर झोपतात ते सगळं दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात. चार, बारीक दातांची फणी, आपण उवांसाठी वापरायचो तीच. विंचरायचं आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. फणीत काळे कण आले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवायचे. विटकरी रंग सुटला तर ती पिसूची विष्ठा, साधी धूळ नाही. शिवाय जंताचं औषध, कारण चाटताना पिसू गिळली तर मांजराला फीतकृमी होतो. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काही दिसलं तर समजायचं.

‘‘आणि किती दिवस हे?’’ मी विचारलं.

‘‘तीन महिने. मध्ये सोडायचं नाही.’’

घरी आलो. रूममेटने तिच्या आजीची गोधडी, जी पंतांनी केव्हाच बळकावली होती, काही न बोलता उकळत्या पाण्यात घातली. तिचा रंग गेला. त्यावर आम्ही अजूनही बोलत नाही.

प्रगती कळावी म्हणून मी सॉक्स टेस्ट सुरू केली. रोज संध्याकाळी शाळेतले असतात तसे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवायचे, दोन्ही खोल्यांतून दहा मिनिटं रेंगाळायचं आणि मोज्यांवरच्या पिसवा मोजायच्या. पहिल्या दिवशी १४. आठवड्याने ६. सही! आम्ही पिझ्झा मागवला.

तेवढ्यात रूममेट चार दिवस कोथरूडला मावशीकडे गेली, ‘जरा शांत झोप मिळेल’ म्हणून. तिची खोली बंद. परत आली, दार उघडलं, बॅग ठेवली आणि ‘आई गं’ म्हणून ओरडलीच. त्या संध्याकाळी मोज्यांवर १९!

ती पलंगावर न बसता उभ्यानेच म्हणाली, ‘‘मला नाही जमणार गं. काकूंचंच ऐकू या. कुणीतरी घेईल त्याला.’’ मी काहीच बोलले नाही, कारण मलाही मनातून तेच वाटलं होतं. पंत दारात बसून आमच्याकडे आळीपाळीने बघत होते.

मॅडमना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘हे होणारच होतं, चांगली खूण आहे. बंद खोलीतले कोष वाट बघत होते. तुमच्या पावलांनी ते फुटले. व्हॅक्यूमनेही असेच फुटतात. या पिसवा जुन्या अंड्यांच्या आहेत. नवीन अंडी आता होत नाहीयेत. आणि मांजराला कुठे पाठवताय? तुमच्या घरातलं पिसवा मारायचं सगळ्यात चांगलं यंत्र तोच आहे. त्याच्यावर उडी मारलेली प्रत्येक पिसू मरतेय. तो गेला तर त्या कुणावर उडी मारतील?’’

हे वाक्य मी जसंच्या तसं घेऊन खाली काकूंकडे गेले.

‘‘काकू, पंत गेला तर पिसवा उपाशी राहणार नाहीत. त्या जिन्याने खाली येतील.’’

काकूंनी चष्म्यातून बघितलं. मग मी प्लेगचंही सांगितलं. १८९७ च्या प्लेगात पुण्यातली घरं रिकामी केली, सामान बाहेर काढलं, जंतुनाशकं फवारली. पण हा रोग उंदरावरच्या पिसवा पसरवतात, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे तेव्हाही लोक दिसेल त्याच्यावर तुटून पडत होते, आणि खरं कारण उंदराच्या केसांत बसलं होतं. पंतांच्या पिसवा त्या जातीच्या नाहीत, हेही सांगितलं. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, ‘‘गणपतीपर्यंत म्हटलंय ना मी? तोपर्यंत बघू. आणि जिन्यातलं ते पोतं टाकून दे, त्यावर रस्त्यावरची मांजर येऊन झोपते.’’

आता बोला! अख्ख्या महिन्यात आम्हा दोन पदवीधर मुलींना हे सुचलं नव्हतं. पंत रोज सकाळी त्याच पोत्यावर जाऊन वास घेऊन यायचे. पोतं गेलं. जिना गरम पाण्याने धुतला, काकूंच्या देखरेखीखाली.

मग आकडे उतरायला लागले. १९ चे ८ झाले, ८ चे ५, मध्येच एकदा ९, मग ३. फरशीच्या फटी मी पांढऱ्या सिमेंटने स्वतः भरल्या, अगदी ओबडधोबड. ऑगस्टअखेरीला पंतांचा दुसरा डोस झाला. २ सप्टेंबरला मोज्यावर एक पिसू होती. ३ ला नव्हती. ४ लाही नव्हती. मी तरी मोजे घालून फिरतच राहिले. शेजारच्या गॅलरीतून काय दिसत असेल देव जाणे.

गणपतीच्या दिवशी मोजे सलग अकराव्या दिवशी कोरे होते. संध्याकाळी काकूंनी खालून हाक मारली, ‘‘आरतीला या गं दोघी!’’ आम्ही दार ओढून घेऊन निघालो, तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पंत आमच्याही पुढे बसलेले. गॅलरीतून कधी सटकले कळलंच नाही. मी त्यांना उचलायला धावले. काकूंनी वर बघितलं, पायातला पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘‘राहू दे. दारातच बसव म्हणजे झालं.’’

पंत दारातच बसले. अख्ख्या आरतीत एकदाही खाजवलं नाही.

मॅडमनी सांगितलेले तीन महिने अजून संपलेले नाहीत. व्हॅक्यूम रोज चालू आहे, गोधडी दर रविवारी गरम पाण्यात. पंतांचा पुढचा डोस महिनाअखेरीला. कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, भाड्याच्या तारखेच्या बरोबर खाली.