ठासणीची बंदूक आणि परवान्याचे राजकारण

भात पोटरीत आले, रानडुकरांचा कळप शेतात उतरला, की गावात पुन्हा बंदुकीचा विषय निघतो. परवाना म्हणजे सरकारची मेहरबानी, अशी आपली समजूत. ही समजूत इंग्रजांनी रुजवली.

१८५७ च्या उठावाने इंग्रज हादरले. लोकांची हत्यारे काढून घेण्याचे कायदे झाले. १८७८ साली लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्या साहेबाला मात्र सूट! काँग्रेसने याविरुद्ध ठराव केले. उलट, विश्वासातल्या कोडगूच्या कोडवांना इंग्रजांनी माफी दिली. ती परवानामाफी आजही चालू आहे; केंद्राने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढवली. म्हणजे बंदूक कोणाकडे असावी, हे गरजेवर नव्हे, तर भरवशावर ठरले.

स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा हे धोरण बदलतो. पीक संरक्षणाची खरी गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे कलम १३ सांगते. तेवढ्याने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. सार्वजनिक शांततेसारख्या कारणावरून नकार देता येतो. पण केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अपीलही करता येते.

खरी अडचण निवडणुकीत येते. २०१९ ची विधानसभा ऑक्टोबरात झाली, २०२४ ची नोव्हेंबरात. नेमकी भातकापणीची वेळ, आणि बंदुका पोलीस ठाण्यात! वास्तविक सरसकट जमा करा असा आयोगाचा आदेश नाही. जिल्ह्याच्या छाननी समितीने एकेक परवाना पाहून ठरवायचे असते. पोलीस पाटलांनी शेतकऱ्याची बाजू वेळेत वर कळवली, तर पीक वाचेल.

शेतकरी बांधवांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. आणि परवानाधारक वारला, तर बंदूक माळ्यावर ठेवू नका. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करा, वारसाने रीतसर नवा अर्ज करावा.

कायद्याने दिलेले मागायला लाजू नये, आणि कायद्याबाहेर बारही काढू नये.