दीड वर्षांचे कार्ड, दशकभराची रांग

अमेरिकेत ग्रीन कार्डाची वाट पाहणाऱ्यांना त्या मधल्या काळात नोकरी करता यावी म्हणून सरकार एक तात्पुरता परवाना देते. ‘एम्प्लॉयमेंट ऑथरायझेशन डॉक्युमेंट’ हे त्याचे कागदोपत्री नाव. बोलण्यात सारे त्याला ‘ईएडी’ म्हणतात. २०२५ सालच्या अखेरीस या परवान्याविषयी अमेरिकी प्रशासनाने पाच आठवड्यांच्या अंतराने दोन निर्णय घेतले. पहिल्यानुसार, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर नूतनीकरणासाठी अर्ज करणाऱ्यांच्या परवान्याला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. दुसऱ्यानुसार, ५ डिसेंबर रोजी प्रलंबित असलेल्या किंवा त्यानंतर आलेल्या अर्जांवर ग्रीन कार्डाच्या प्रतीक्षेतील व्यक्तीला मिळणाऱ्या परवान्याची कमाल मुदत पाच वर्षांवरून दीड वर्षावर आली. प्रत्येक निर्णयाचे समर्थन वेगवेगळे करता येते, आणि ते केलेही गेले आहे. परंतु हे दोन्ही निर्णय एकाच कुटुंबाच्या आयुष्यात एकत्र येतात तेव्हा त्यांचा परिणाम केवळ बेरजेचा राहत नाही.

साधा हिशेब पाहावा. प्रतीक्षा दहा वर्षांची धरली, तर पाच वर्षांच्या मुदतीने दोन कार्डे पुरत होती. दीड वर्षाच्या मुदतीने सात लागतील. कार्ड संपण्याच्या १८० दिवस आधीपर्यंतच नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, म्हणजे नवे कार्ड हाती पडल्यावर वर्षभरातच पुढच्या अर्जाची तयारी सुरू. अर्जांची संख्या तिपटीहून अधिक होणार आणि ते तपासणारी यंत्रणा तीच. या गर्दीमुळे निर्णयाला सहा महिन्यांहून अधिक वेळ लागला, तर पूर्वी स्वयंचलित मुदतवाढीचे छत्र होते. आता तेच काढून घेतले आहे. कार्डावरील तारीख उलटली, की नोकरदाराला त्या कर्मचाऱ्याला कामावर ठेवता येत नाही. वेतन थांबते, आणि अनेक राज्यांत वाहन परवान्याची मुदतही याच कागदाशी जोडलेली असल्याने गाडी चालवण्याचा अधिकारही लोंबकळतो.

सुरक्षा तपासणी अधिक वेळा व्हावी, हे प्रशासनाने दिलेले कारण आहे. तपासणीचा अधिकार सरकारला आहेच, त्यावर वाद नाही. मात्र ग्रीन कार्डाचा अर्ज, म्हणजे आय-४८५, दाखल करणाऱ्याच्या बोटांचे ठसे आधीच सरकारदरबारी असतात आणि त्याची नोंद कार्डाच्या नूतनीकरणाविनाही तपासता येते. तपासणी वाढवण्यासाठी परवानाच आखूड करावा लागतो, हा युक्तिवाद म्हणूनच पुरता पटत नाही.

या प्रश्नाचा इतिहास पाहिल्यावर खरी गफलत ध्यानात येते. पूर्वी नियमच असा होता, की ईएडीच्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय व्हावा. न झाल्यास अंतरिम परवाना द्यावा. जानेवारी २०१७ मध्ये अमलात आलेल्या नियमाने ही ९० दिवसांची हमी रद्द केली आणि तिच्या बदल्यात ठरावीक प्रवर्गांना १८० दिवसांची स्वयंचलित मुदतवाढ दिली. हा एक प्रकारचा सौदा होता: वेळेचे बंधन सरकार पाळणार नाही, पण विलंबाची शिक्षा अर्जदारालाही होणार नाही. कोविडनंतर अर्जांचा ढीग साचला तेव्हा २०२२ साली ही मुदतवाढ तात्पुरती ५४० दिवसांची करण्यात आली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती कायम झाली. अवघ्या नऊ-दहा महिन्यांत तिच्यावर फुली मारली गेली, तीही आधी सूचना-हरकती न मागवता लागू केलेल्या अंतरिम नियमाने. सौद्यातील अर्जदाराच्या वाट्याचा भाग गेला, सरकारच्या वाट्याचा मात्र राहिला. ९० दिवसांची जुनी हमी कोणी परत आणलेली नाही. सार्वजनिक चर्चेत या मुद्द्याकडे आश्चर्यकारकरीत्या दुर्लक्ष झाले आहे.

मुदतीचीही अशीच कहाणी आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज करणाऱ्यांना वर्षभराचेच ईएडी मिळत असे. जुलै २००७ मध्ये व्हिसा बुलेटिनने जवळपास सर्व रोजगाराधारित प्रवर्ग खुले केले, मग घूमजाव केले, आणि संतापलेल्या भारतीय अर्जदारांनी गांधीगिरीच्या मार्गाने नागरिकत्व खात्याच्या संचालकांना फुले पाठवली. ‘लगे रहो मुन्नाभाई’ प्रदर्शित होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. खात्याने निर्णय फिरवला आणि त्या उन्हाळ्यात अर्जांची लाट आली. त्या लाटेतील लोक वर्षानुवर्षे रांगेत राहणार हे उघड झाल्यावर २००८ साली रांगेतल्यांसाठी मुदत दोन वर्षांची झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये ती पाच वर्षांवर गेली. आजची दीड वर्षाची मुदत २००८ च्याही मागे जाणारी आहे.

रांग मात्र आखूड झालेली नाही. रोजगाराधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे एक लाख चाळीस हजार आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, ही १९९० च्या कायद्याची चौकट अजून कायम आहे. २०२५ च्या अखेरीस भारतीयांसाठी ईबी-२ आणि ईबी-३ या दोन्ही प्रवर्गांच्या अंतिम निर्णयाच्या तारखा २०१३ मध्येच रेंगाळत होत्या. ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ज दाखल करण्याची तारीख ईबी-३ साठी एकदम जानेवारी २०१५ पर्यंत पुढे सरकली होती. त्या वेळी आय-४८५ दाखल केलेल्यांपैकी अनेकांच्या हाती आज ईएडी आहे, ग्रीन कार्ड नाही. पुणे-मुंबईतून तिशीत आलेले अभियंते त्यात पन्नाशीकडे झुकले आहेत.

या वर्गापुढचा नेहमीचा प्रश्न असा, की एच-१बी टिकवावा की ईएडीवर काम करावे? गेल्या काही वर्षांत दुसऱ्या पर्यायाकडे कल वाढला होता, आणि ते समजण्यासारखे होते. आय-४८५ प्रलंबित होऊन १८० दिवस झाले, की २००० सालच्या कायद्यानुसार समान किंवा तत्सम स्वरूपाच्या नोकरीत जाता येते. ईएडी हाती असेल तर नव्या कंपनीला एच-१बीचा खर्च आणि खटाटोप पडत नाही. स्वतःचा व्यवसाय, दुसरी नोकरी, मधली विश्रांती हे सारे त्यात बसते. पाच वर्षांचे कार्ड आणि वर ५४० दिवसांची मुदतवाढ असताना एच-१बी सोडण्यात फारसा धोका वाटत नव्हता.

आता तराजू उलट बाजूला झुकला आहे. एच-१बीची मुदतवाढ वेळेत मागितली असेल तर निर्णय येईपर्यंत त्याच नोकरदाराकडे २४० दिवसांपर्यंत काम करता येते. शिवाय जादा शुल्क भरून जलद निर्णयाची सोय आहे. आय-४८५ वर आधारलेल्या ईएडीला यातले काहीच नाही. मान्य झालेल्या आय-१४० च्या जोरावर सहा वर्षांनंतरही एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. दुय्यम समजला जाणारा, कंपनीशी बांधलेला हा परवाना आज स्वतंत्र वाटणाऱ्या कार्डापेक्षा अधिक भक्कम ठरावा, हा विरोधाभासच म्हणायचा. आय-४८५ नामंजूर झाला तर केवळ ईएडीवर असलेल्याच्या पायाखाली दुसरी जमीन नसते, हे जुने सत्य तर आहेच. ज्यांनी एच-१बी सोडला त्यांना परतण्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो, बहुधा देशाबाहेर जाऊन पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने परदेशातून प्रवेश मागणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादल्यापासून तो मार्ग कंपन्यांना परवडेल असे दिसत नाही.

तथापि एच-१बी टिकवणाऱ्यांचेही सारे आलबेल नाही. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यम खात्यांची छाननी सुरू झाली आणि भारतातील दूतावासांनी अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या. घरच्या लग्नासाठी किंवा आजारी वडिलांसाठी आलेली माणसे मुंबईत अडकली, नोकरी आणि मुलांच्या शाळा अमेरिकेत राहिल्या. इथे आय-४८५ चा दुसरा लाभ, म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स पॅरोल’, मोलाचा ठरतो. त्यावर परतण्यास पासपोर्टावर व्हिसाचा शिक्का लागत नाही. काम एच-१बीवर करावे आणि प्रवासासाठी पॅरोल जवळ बाळगावा, ही जोडी सध्या तरी सर्वांत सुरक्षित दिसते. फक्त पॅरोल हाती येण्याआधी निघणे टाळायला हवे. वैध एच किंवा एल व्हिसावर परत येणारे वगळता इतरांचा आय-४८५ अशा प्रस्थानाने सोडून दिला असे मानले जाते.

सर्वाधिक फटका एच-४ वर असलेल्या जोडीदारांना बसणार आहे, आणि त्यात बहुसंख्य भारतीय स्त्रिया आहेत. २०१५ च्या नियमाने त्यांना मिळालेल्या कामाच्या हक्काला आव्हान देणारा खटला दशकभर चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला आणि हक्क शाबूत राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस स्वयंचलित मुदतवाढ गेली. पतीचा एच-१बी, पत्नीचा एच-४ आणि तिचे ईएडी यांचा निर्णय एकत्र करण्याचे बंधन २०२३ च्या न्यायालयीन तडजोडीने घातले होते. तिचीही मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. परिणामी पतीच्या अर्जाला पंधरवड्यात मंजुरी आणि पत्नी मात्र महिनोन्‌महिने बिनपगारी घरी, हे चित्र पुन्हा दिसू लागले आहे. एल-२ वरील जोडीदारांना २०२१ पासून वेगळे ईएडी लागत नाही, त्यांचा दर्जाच त्यांना कामाचा हक्क देतो. एच-४ ला हाच न्याय लावण्यास तर्काची अडचण कोणती, याचे उत्तर कोणत्याही पक्षाच्या प्रशासनाने दिलेले नाही.

पैशाचाही भाग आहे, पण तो तुलनेने किरकोळ. एप्रिल २०२४ च्या दररचनेत आय-४८५ प्रलंबित असलेल्यांसाठी ईएडीचे शुल्क २६० डॉलर ठरले; त्याआधी आय-४८५ चे पूर्ण शुल्क भरलेल्यांचे नूतनीकरण विनाशुल्क होते. एका महिन्याचे वेतन बुडण्यापुढे ही रक्कम काहीच नाही.

खंड पडलाच, तर काम थांबवणे अपरिहार्य आहे. रोजगाराधारित अर्जदारांना कायद्यात एकूण १८० दिवसांपर्यंतच्या विनापरवाना कामाची माफी आहे, परंतु ती अर्ज वाचवण्यासाठीची अखेरची ढाल आहे. तिच्या भरवशावर कामावर जाणे म्हणजे नोकरदारालाही कायदेभंगात ओढणे. मोठ्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग तसे होऊही देत नाहीत. बिनपगारी रजा मिळेल का, आरोग्यविमा त्या काळात चालू राहील का, हे मात्र कंपनीगणिक बदलते आणि कार्ड संपण्याच्या सहा महिने आधीच लेखी विचारून घेणे श्रेयस्कर.

आधी दिलेल्या कार्डांची मुदत यात बदललेली नाही. २०२३ च्या शरद ऋतूत पाच वर्षांचे कार्ड मिळालेल्यांना या साऱ्याची झळ २०२८ पर्यंत लागणार नाही. २०२५ मध्ये अर्ज करून डिसेंबरच्या त्या शुक्रवारपर्यंत निर्णय न मिळालेल्यांच्या हाती मात्र दीड वर्षांचेच कार्ड येते आहे, आणि त्यांच्या पुढच्या अर्जांची पहिली मोठी गर्दी २०२७ च्या आरंभापासून यंत्रणेवर येऊन पडेल.