चरबी कुठे साठते, कुठे जळते

२०२५ साली २३ फेब्रुवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा विषय काढला आणि महिन्याला १० टक्के तेल कमी वापरा, असे आवाहन केले. आठवडाभरातच रमजान सुरू झाला. रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावात अशा आवाहनावरचे उत्तर ठरलेले असते : आपण कुठे लठ्ठ आहोत?

या उत्तरातच धोका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, म्हणजे बीएमआय २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा दोघांनाही सडपातळच म्हणतो. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळेही वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली.

चरबीच्या पेशीही एकसारख्या नसतात. पांढरी पेशी साठा करते. तपकिरी पेशीत तंतुकणिका ठासून भरलेल्या असतात. ती चरबी आणि साखर जाळून थेट उष्णता तयार करते. तान्ह्या बाळाला थंडीत ऊब मिळते ती तिच्यामुळे. मोठ्या माणसांच्या मानेत व गळ्याच्या हाडाजवळही ती थोडी असते, हे २००९ साली पक्के झाले. पण ती पेटते गारठ्यात. मराठवाड्याच्या मार्चमध्ये तिच्या भरवशावर पोट उतरेल, ही आशा सोडलेली बरी. ‘चरबी वितळवा’ म्हणणाऱ्या जाहिरातींनाही हे लागू आहे.

मग रोजाने काय होते? सहरीनंतर काही तासांनी यकृतातली साखर उतरू लागते. असरच्या सुमारास शरीर बऱ्याच अंशी साठवलेल्या चरबीवर चाललेले असते. कमाई ती हीच. मगरिबला खजूर-पाण्यापाठोपाठ भजी, समोसे आणि लाल शरबताचे तीन पेले पोटात गेले की इन्सुलिन वाढते, चरबी सुटणे थांबते आणि नवी भर पडते. कातडीखालची जागा अपुरी पडली की ती यकृतात व पोटाच्या आत शिरते. मधुमेहाची वाट तिथूनच जाते. घरातले तेल मोजायचे झाले तर इफ्तारच्या कढईपासूनच मोजावे.

काट्याऐवजी कमरेला टेप लावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर असेल तर साखर तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा; वेळ आणि मात्रा आपल्या मनाने बदलू नका.