कोयत्याची लक्षणा आणि अभ्यासकाचे मौन

मराठी समीक्षाव्यवहारात गेल्या काही दशकांत एक भूमिका जवळजवळ निर्विवाद होऊन बसली आहे. वंचितांच्या वतीने बोलणे हाही वर्चस्वाचाच एक प्रकार असल्याने अभ्यासकाने प्रतिनिधित्वाची चिकित्सा तेवढी करावी, चळवळीपासून मात्र सैद्धांतिक अंतर राखावे, असे ही भूमिका सांगते. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांच्या १९८८ च्या निबंधाचा आधार तिला हमखास दिला जातो. परंतु त्या निबंधातून मौनाचा परवाना काढणे हा त्याचा विपर्यास होय. प्रतिनिधित्व कधीच निरागस नसते हे खरे. पण अभ्यासक गप्प राहिल्याने ते थांबत नाही. ते मुकादमाच्या वहीत निर्वेधपणे चालू राहते.

ही वही प्रत्यक्षातली आहे. दरवर्षी गळीत हंगामासाठी बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात जातात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ त्यांना तोडणीने फेडावी लागते. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. साधनाच्या नावाने ते वापरणाऱ्याचा बोध व्हावा, ही लक्षणा साहित्यशास्त्राच्या वर्गात नित्य शिकवली जाते. येथे मात्र तिच्यामुळे स्त्रीचे श्रम हिशेबातून नाहीसे होतात. उचल बहुधा पतीच्या नावे, मजुरी जोडप्याची, आणि आजारपणाने काम बुडाले तर त्या ‘खाड्या’चा दंड दोघांच्या माथी.

या शब्दयोजनेची किंमत शरीराने मोजली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. खाड्याची धास्ती हे त्यामागील एक कारण म्हणून पुढे आले. हा प्रश्न पत्रकार आणि महिला संघटनांनी लावून धरला. ‘ग्रामीण जाणिवे’वरील प्रबंधांनी नव्हे.

कायद्याची भाषाही अशीच वाचावी लागते. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा ‘आंतरराज्य’ या एका विशेषणाने सीमित होता. बीडहून बेळगावकडे जाणारा त्याच्या कक्षेत येऊ शकत होता. बीडहून कोल्हापूरला जाणारा नाही. घर सोडण्याचे दुःख दोघांचे सारखेच. एकाला कायद्यात नाव होते, दुसऱ्याला नव्हते. एका विशेषणाने कोणाला वगळले, हे दाखवणे संहिताचिकित्सेचे काम नाही तर कोणाचे?

म्हणून अभ्यासकाने कामगाराला ‘आवाज’ देण्याचा आव आणू नये. आवाज त्याच्यापाशी आहेच. उणीव असते ती त्याच्या हाती असलेल्या दस्तऐवजाची. मुद्रांकावरील करारातील संदिग्ध वाक्य उलगडणे, शासननिर्णय सुबोध मराठीत मांडणे, कथनांची नोंद करणे आणि स्त्रीची नोंद स्वतंत्र नावाने व्हावी या मागणीला पुरावा पुरवणे, ही कामे वाचन जाणणाऱ्याचीच आहेत. महिला किसान अधिकार मंच आणि पुण्याची ‘सोपेकॉम’ ही संशोधन संस्था यांनी मिळून ऊसतोड स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा संघटना आणि संशोधन यांचे नाते कसे असू शकते हे दिसले. तेथे प्रश्न ठरवण्यात संघटनेचा वाटा असला पाहिजे, मुकादमाच्या रोषाला बळी पडू शकेल अशा व्यक्तीची ओळख झाकली पाहिजे आणि जमवलेली सामग्री ज्यांची त्यांना परत मिळाली पाहिजे. फडावरून कथने न्यायची आणि २०१० नंतरच्या गुणांकन पद्धतीत त्यांचे शोधनिबंध करून गुण मिळवायचे, ही उचलच आहे. फरक इतकाच की ती कधी फेडली जात नाही.

यावर आक्षेप येईल की अशाने संशोधनाची तटस्थता ढळते. तटस्थता म्हणजे पुराव्याशी प्रामाणिक राहणे असेल तर ती संघटनेलाही हवी असते, कारण फुगवलेला आकडा पहिल्याच सुनावणीत कोसळतो. गैरसोयीचा निष्कर्ष संघटनेच्या तोंडावर सांगणे हेही अभ्यासकाचे कर्तव्यच. मात्र तटस्थतेचा अर्थ कोयत्याकडे केवळ प्रतिमा म्हणून पाहणे असा असेल, तर ती समीक्षा मुकादमाच्या वहीत काय लिहिले आहे हे कधीच वाचणार नाही. वाचता येत असूनही न वाचणे, याला सैद्धांतिक अंतर म्हणता येत नाही.